खिळ्यावरचा पेला

पंचफुलाबाईंना फुकटचं काही रुचत नसे, आणि त्या दिवशी नेमकं तिकीट माफ होतं. फाटकावरच्या मुलीनं ‘देणगीदार कुटुंब’ म्हणून मायलेकांच्या छातीवर पिवळी फीत टोचली आणि वाकून हात जोडले.

“माहा बा याच फाटकातून रोज आत जाय,” पंचफुलाबाई म्हणाल्या. “त्याले तं कोनी हात नाई जोडले.”

“आई, आल्या आल्या नको ना वं,” अश्वजित हळूच म्हणाला.

अश्वजित त्यांचा थोरला. पुसदच्या एका हायस्कुलात इतिहास शिकवायचा. आईला घ्यायला तो सकाळीच गाडी घेऊन फुलसावंगीला गेला होता आणि तिथून यवतमाळपर्यंत सारा रस्ता तिला एकच गोष्ट समजावत आला होता, की आजचा दिवस आनंदाचा आहे. आबांची वस्तू काचेच्या पेटीत ठेवली आहे, खाली आपलं नाव आहे, लोक येऊन पाहताहेत. त्यानं नवा शर्ट घातला होता. पंचफुलाबाईंनीही ठेवणीतलं पातळ नेसलं होतं. भांडायचं ठरवून कोणी ठेवणीतलं पातळ नेसत नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

वस्तू म्हणजे एक पितळी पेला. पंचफुलाबाईंचे वडील भीमराज यांची उभी हयात या मिलमध्ये गेली, आणि हा पेलाही त्यांच्यासोबत तिथंच झिजला. काठाशी त्याला एक भोक होतं. भीमराज गेल्यावर पेला लेकीच्या पेटीत आला आणि तिथंच राहिला. मिलचं संग्रहालय होतंय, जुन्या कामगारांच्या वस्तू हव्यात, असं कळल्यावर अश्वजितनं आईला विचारलं होतं, आबांचा पेला देऊ का?

“दे,” त्या म्हणाल्या होत्या. “पेटीत राहून कोनाले काय सांगन तो? तथी ठेवतीन तं चार लोक पाह्यतीन.”

चार लोकांनी काय पाहायचं, ते मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं. पेला पाहिला की कळतंच, असं त्यांना वाटलं होतं. ज्याच्या घरात सोसलं जातं त्याला ते साऱ्या जगाला ठाऊक असल्यासारखंच वाटतं.

मिलला शेटजींचं लांबलचक नाव होतं, पण गावात ते कोणी घेत नसे. मिल म्हणजे मिल. ती बंद पडून कैक वर्षं झाली होती. आधी पत्रे गेले, मग दारं गेली, मग भिंतींतून पिंपळ उगवले. आणि मग एकाएकी कोणाला तरी मिलचं प्रेम आलं. पिंपळ उपटले, विटा घासल्या, चुना फासला, यंत्रांना तेल पाजलं आणि नाव दिलं ‘सूतसंगम, चालतं-बोलतं गिरणी संग्रहालय’. चालतं होतं खरं. कापूस पिंजायचं यंत्र कधी चालणार, सूत कधी काढणार, कापड विणायचे साचे कधी फिरणार, हे सगळं बाहेर फळ्यावर लिहिलेलं होतं. बोलतं किती होतं ते पुढे कळेलच.

मिल चालू होती तेव्हा ती इतकी देखणी कधीच नव्हती. तेव्हा आत शिरलं की कापसाचे तंतू नाकातोंडात जायचे आणि घसा असा कोरडा पडायचा की थुंकी गिळता येत नसे. आता आत अगरबत्तीचा वास होता.

“या मावशी, या!” संचालक शाम सर दोन्ही हात पसरून पुढे आले. खादीचा झब्बा, खांद्यावर हातमागाचं उपरणं, बोलणं लोण्यासारखं. “तुमच्यासारख्या माणसांच्या कष्टांवर तर हे सगळं उभं आहे.”

यात खोटं काढण्यासारखं काही नव्हतं, म्हणून पंचफुलाबाईंनी मान डोलावली.

सरांनी त्यांना आधी साचेखात्यात नेलं, कारण साचे सुरू व्हायची वेळ झाली होती. उंबरठ्याशी पंचफुलाबाई क्षणभर थांबल्या. लहानपण त्यांनी या मिलच्या मागच्या वस्तीत काढलं होतं, पण या खोलीत त्यांचं पाऊल कधी पडलं नव्हतं. त्यांच्या बापाचंही नाही.

आत दारव्ह्याकडच्या कुठल्याशा शाळेची सहल आली होती. पोरं भिंतीला टेकून उभी होती. बबिता राठोड नावाची तरतरीत मुलगी गळ्यात ओळखपत्र घालून साच्यापाशी उभी होती. तिनं दांडा ओढला आणि साचा असा धडाडला की पोरांनी कानांवर हात ठेवले. कापड बोटाबोटानं वाढायला लागलं. बघायला छान होतं, हे पंचफुलाबाईंनीही मान्य केलं.

साचा थांबवून बबितानं एक धोटा हातात घेतला. धोटा म्हणजे पोटात सुताची कांडी घेऊन ताण्याच्या उभ्या धाग्यांतून इकडून तिकडे पळणारी लाकडी होडी.

“याच्या भोकातून सूत बाहेर कसं काढायचे माहिती आहे?” तिनं पोरांना विचारलं. “सुईनं? नाही. तोंडानं! भोकाला ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचा. कांडी संपली की पुन्हा. पाळी बदलली की तोच धोटा दुसऱ्या कामगाराच्या तोंडी. चला, कोण करून बघतं?”

पोरांत एकच कल्ला झाला. बबिता धोटे स्पिरिटनं पुसून एकेकाच्या हातात देत होती. कोणाचं सूत निघालं, कोणाला खोकला आला. अश्वजितनंही हसत हसत सूत ओढून दाखवलं आणि आईपुढे धोटा धरला.

पंचफुलाबाई धोट्याकडे नुसत्या पाहत राहिल्या. भीमराजचे हात चपळ होते. तुटलेलं सूत ते बघता बघता सांधत. साचेखात्यात पगार बरा मिळे, म्हणून मुकादमाच्या किती विनवण्या केल्या त्यांनी. मुकादम भला माणूस होता म्हणे. खांद्यावर हात न ठेवता, पण हसून म्हणाला, “हात चालते रे भीमराज. तोंडाचं काय करशील?” महाराच्या तोंडचा धोटा बाकीच्यांनी तोंडी लावायचा म्हणजे सारं खातंच बाटलं! म्हणून वस्तीतली माणसं पिंजणात नि सुतावर, कापसाचे तंतू खात, आणि साचे दुसऱ्यांचे. भीमराज छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. घरातले देव त्यांनी नदीत सोडले. मिलनं मात्र आपलं काही सोडलं नाही. मुकादमाचं ते वाक्य पंचफुलाबाईंची आई मरेपर्यंत सांगत असे, आणि सांगताना दर वेळी थुंकत असे.

त्यांनी धोटा घेतला, ओठांना लावला आणि श्वास ओढला. सूत सुळकन जिभेवर आलं.

“एवढंच?” त्या म्हणाल्या.

“हो मावशी, एवढंच,” बबिता हसली. “सोपं आहे ना?”

“या खात्यात कोन लोक होते वं पोरी?”

बबितानं पाठ सरळ केली आणि एका दमात सांगून टाकलं, “सर्व जातीधर्मांचे कामगार इथं खांद्याला खांदा लावून काम करत होते. धागे जसे एकमेकांत विणले जातात तशी इथं माणसं विणली गेली. म्हणूनच आपण याला सूतसंगम म्हणतो.”

“हे तुले कोन सांगतलं?”

“सरांनी. पाठ करायला दिलं आम्हा सगळ्यांना.”

पोरीवर काय रागवायचं? पंचफुलाबाईंनी धोटा तिच्या हातात परत दिला, तोंडात आलेलं सूत पदराला पुसलं आणि मुकाट्यानं लेकाच्या मागे चालू लागल्या. इथवर त्यांनी सोसलं, हे त्यांच्या बाजूनं लिहून ठेवायला हरकत नाही.

पेला पुढच्या दालनात होता. काचेची पेटी, आत काळी मखमल, वरून पिवळा दिवा. पितळ इतकं घासलं होतं की भीमराजलाही ओळख पटली नसती. अश्वजितनं आईला बरोबर पेटीसमोर उभं केलं आणि वर्गात वाचतात तशा खड्या आवाजात खालची पाटी वाचली.

“भीमराज, एक शिस्तप्रिय कामगार. मिलमध्ये पिण्याच्या पाण्याची उत्तम व्यवस्था असूनही आरोग्याबाबत जागरूक असलेले काही कामगार स्वतःचा पेला वापरत. पेला हाताशी राहावा म्हणून काठाला भोक पाडून तो टांगण्याची त्यांची युक्ती कौतुकास्पद आहे.” मग आवाज थोडा आणखी चढवून, “देणगी, श्री. अश्वजित, पुसद.”

पंचफुलाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“काय म्हनला? परत वाच.”

अश्वजितनं परत वाचलं. या खेपेला आवाज आपोआप खाली आला.

“युक्ती?” त्या म्हणाल्या. “कौतुक? अश्वजित, हे कोन लिवलं?”

“माहिती मी दिली, भाषा सरांनी नीट केली. का? काय चुकलं?”

“तुले कोन दिली माहिती?”

“आबांनीच तं सांगितलं होतं वं. मी लहान होतो तेव्हा. ‘मी कोनाच्या उष्ट्या भांड्याले तोंड लावत नाई, मिलमंदी माहा पेला येगळा’. तू तिथंच होतीस ना?”

होत्या. त्या तिथंच होत्या. बाजेवर म्हातारा भीमराज आणि त्याच्या मांडीवर नातू, आणि म्हातारा छाती काढून सांगतोय की तुझा आबा असातसा नव्हता, मिलमध्ये त्याचा पेला वेगळा होता. इतक्या तोऱ्यात सांगायचा की पोराचे डोळे मोठे व्हायचे. त्या वेळी चुलीपुढे बसलेल्या लेकीनं तोंड उघडलं नाही. बापानं आयुष्यभर कमावलेली तेवढी एक ऐट होती. ती त्याच्याच लेकीनं नातवादेखत उतरवायची काय?

पण नातवाला सांगितलेली गोष्ट वेगळी आणि मिलनं आपल्या भिंतीवर लावलेली गोष्ट वेगळी. बापानं लाज झाकायला पांघरलेलं फडकं या लोकांनी आयतं उचललं आणि आपलं अंग झाकलं!

“तुह्या आबानं तुले खरं नाई सांगतलं,” त्या म्हणाल्या. “नातवाले कोन सांगते खरं? मी पाह्यलं हाय, मी सांगतो. आयक.”

आणि काचेच्या पेटीसमोर उभं राहून त्यांनी सांगितलं. त्या परकर-पोलक्यात होत्या, दुपारच्या सुट्टीत बापाची भाकर घेऊन मिलमध्ये येत. पाण्याची खोली होती, आत माठांची रांग. ती बाकीच्यांसाठी. वस्तीतल्या माणसांनी पायरी चढायची नाही. बाहेर, संडासाकडच्या भिंतीला खिळे ठोकलेले होते आणि त्या खिळ्यांना त्यांचे पेले टांगलेले असत. आपला पेला काढायचा, पायरीखाली उभं राहायचं आणि पाणक्याची वाट बघायची. त्याच्या मर्जीला आलं की तो दारात येई आणि लोटा उंच धरून वरून धार सोडी. लोटा पेल्याला लागला तर शिव्या देत राखेनं घासत बसे. कधी कधी तो येतच नसे. भोंगा व्हायचा, आणि माणसं कोरडे पेले पुन्हा खिळ्याला लावून आत जायची.

“एक दिवस माहा बा असा उभा होता,” पंचफुलाबाईंनी पेला धरल्यासारखे दोन्ही हात पुढे करून दाखवले. “मी निंबाखाली उभी. त्यानं पाह्यलं का मी पाहून राह्यली. घरी आला, बोलला नाई. फक्त मायले म्हनला, उद्यापासून पोरीले पाठवू नको.”

अश्वजितच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मुलांकडून सनावळ्या घोकून घेणाऱ्या मास्तरला आपल्याच घरातलं काही ठाऊक नव्हतं. “तू कधी सांगितलं कसं नाही आई?” एवढंच तो म्हणाला.

तेवढ्यात शाम सर आले. चेहऱ्यावर फोटो काढायच्या वेळचं हसू होतं.

“काय मावशी, आवडलं ना?”

“हे काढा,” पंचफुलाबाईंनी पाटीवर बोट ठेवलं. “हे खोटं हाय.”

मग तीच हकिकत त्यांनी सरांना सांगितली, या वेळी भरभर आणि मोठ्या आवाजात. सर मान हलवत ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. सहल अजून पलीकडच्या दालनात होती.

“मावशी, वाईट वाटलं ऐकून. पण हा मजकूर तुमच्या चिरंजीवांनीच दिलाय.”

“त्याले मालूम नोतं. तुमाले होतं का नाई?”

आता इथं सरांनी ‘नव्हतं’ म्हणून वेळ मारून न्यायला हवी होती. पण माणूस शिकलेला; आपण काहीच वाचलेलं नाही असं म्हणवेना.

“तशी थोडीफार कल्पना सगळ्यांनाच असते हो. त्या काळी सगळीकडेच होतं ते. पण संग्रहालयात किती कडू मांडायचं याला मर्यादा असते. लोक पोरंबाळं घेऊन येतात. त्यांनी जाताना काहीतरी चांगलं घेऊन जावं. तुमच्या वडिलांना आपण उलट मोठं केलंय इथं. शिस्तप्रिय म्हटलंय.”

“मोठं केलं?” पंचफुलाबाईंचा आवाज चढला. “पायरी चढू देली नाई त्याले, अन् आता म्हनता त्यालेच चढाची नोती! तुमी दिलं नाई ते त्यानं घेतलं नाई, असं लिवलं तुमी! मेलेल्या मानसाच्या तोंडी घालून राह्यले!”

“आई, हळू,” अश्वजित म्हणाला. सवयीनं म्हणाला, आणि म्हटल्यावर स्वतःच खाली बघू लागला.

“मी समितीपुढे ठेवतो,” सर म्हणाले. “पुढच्या बैठकीत. शब्द सौम्य करता येतील.” मग त्यांना एकदम मार्ग सुचला आणि चेहरा उजळला. “नाहीतर असं करू या. तुमच्या भावना दुखावल्या असतील तर तुमची वस्तू तुम्ही सन्मानानं परत घेऊन जा. आमची काही हरकत नाही. पाटीही काढून टाकतो. प्रश्नच मिटला.”

त्यांनी लगोलग किल्ली काढली, काच उघडली आणि पेला मखमलीवरून उचलून पंचफुलाबाईंच्या हातात दिला. पाटी अश्वजितच्या हातात आली.

“चल आई,” अश्वजित म्हणाला. “नकोच यांचं काही. घरी जाऊ.”

त्याचा राग खरा होता. पण पंचफुलाबाई हलल्या नाहीत. त्यांनी रिकाम्या पेटीकडे पाहिलं. उद्या तिथं एखादी जुनी कात्री येईल, नाहीतर शेटजींचा फेटा. पेला पुन्हा पेटीत, पेटी फुलसावंगीला, आणि इथं बबिता रोज सांगणार, खांद्याला खांदा. पेला इथं राहिला तरी खोटं, आणि नेला तरी खोटंच, वर आता कोणी विचारायलाही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि मूठ यांची!

“पान्याची खोली कुठी हाय?” त्यांनी विचारलं.

“बाहेर, डावीकडे,” सर घाईनं म्हणाले. “फार सुंदर केलीय. गार पाणी आहे माठातलं. थोडं पाणी प्या, बरं वाटेल.”

पाण्याची खोली खरोखरच सुंदर केली होती. आत लाल माठ, माठांवर झाकण्या, पांढऱ्या रांगोळीचं नक्षीकाम. वर ‘जुनी पाणपोई’ असं वळणदार अक्षरांत लिहिलेलं. दारातली दगडी पायरी तीच होती. पंचफुलाबाई आत न जाता भिंतीच्या कडेनं वळल्या. अश्वजित मागे, त्याच्यामागे शाम सर.

खिळे होते. चुन्याच्या थराखालीसुद्धा रांगेनं तसेच होते. आणि प्रत्येक खिळ्याला नारळाच्या काथ्यात बांधलेली फुलांची कुंडी टांगली होती. समोर फोटो काढायला एक बाकडंही ठेवलं होतं.

“बाप्पा,” पंचफुलाबाई म्हणाल्या, “फुलं लावले!”

त्यांनी बरोबर मधल्या खिळ्यावरची कुंडी उतरवून बाकड्यावर ठेवली आणि पेल्याचं भोक खिळ्यात घातलं. पेला बसला. त्या भोकाला दुसरी कुठली जागा नव्हतीच. त्यांनी पुन्हा पेला काढला, वळून पायरीशी आल्या आणि पायरीखाली उभ्या राहिल्या, दोन्ही हातांत पेला धरून.

“सर,” त्यांनी हाक मारली, “हे चालतं म्युझियम हाय ना तुमचं? साचा चालवून दाखवला. धोटा लोकाच्या तोंडात देला. मंग हेही चालवून दाखवा. वाढा पानी.”

आवाज खणखणीत होता. सहलीची पोरं साचेखात्यातून बाहेर पडून पाणी प्यायला इकडेच येत होती, ती जागच्या जागी थांबली. त्यांच्यामागे बबिता होती. शाम सरांनी पोरांकडे पाहिलं, मग पंचफुलाबाईंकडे. तमाशा लवकर आटपावा म्हणून ते पायरी चढून आत गेले आणि माठातून लोटा भरून बाहेर आले.

“घ्या मावशी,” ते अगदी मायेनं म्हणाले. “पाणी प्या आणि शांत व्हा.” पायरी उतरून त्यांनी लोटा पेल्याजवळ आणला.

पंचफुलाबाईंनी पेला मागे घेतला.

“असं नाई. वर जा. दारात.”

“मावशी, कशाला हे...”

“जा ना! पानक्या खाली उतरत नोता. दारात उभे राहा. आता लोटा उंच धरा. आनखी उंच. पेल्याले लागला नाई पाह्यजे. हं. आता सोडा धार.”

सर दारात उभे होते. हातात लोटा, हात वर. खाली एक म्हातारी ठेवणीतल्या पातळात वाकून, दोन्ही हातांनी पेला धरून उभी. छातीवर देणगीदाराची पिवळी फीत. पोरांत कोणी हसत नव्हतं. सरांनी लोटा किंचित कलता केला आणि पुन्हा सरळ केला. झब्ब्याच्या बाहीवर पाणी सांडलं.

“नाही हो,” ते म्हणाले. या वेळी त्यांच्या आवाजात लोणी नव्हतं. “हे नाही होत माझ्याच्यानं.”

“नाई होत?” पंचफुलाबाई म्हणाल्या. “तुमी तं वर उभे हा सर. वरच्याले नाई होत. अन् खालच्याले उभी जिंदगी झालं, त्याले तुमी युक्ती म्हनता!”

बबिता पोरांच्या घोळक्यातून पुढे आली. “मावशी, या खिळ्यांचं मला नाही सांगितलं कोणी,” ती म्हणाली. “मीच लावल्या या कुंड्या.” मग कोणाला न विचारता ती भिंतीपाशी गेली आणि एकेक कुंडी उतरवू लागली. सरांनी तिला थांबवलं नाही. थांबवायला त्यांचा एक हात मोकळा नव्हता आणि दुसरा भिजलेला होता.

अश्वजित पुढे झाला. त्याला वाटलं, आईच्या हातून पेला घ्यावा, तिला बसवावं. पण त्याच्या हातात अजून ती पाटी होती, खाली स्वतःचं नाव असलेली. त्यानं ती उलटी केली. मागची बाजू कोरी होती. खिशातलं पेन काढून तो इस्त्रीच्या पँटीसकट पायरीवरच बसला आणि पाटी गुडघ्यावर ठेवली.

“सांग आई,” तो म्हणाला. “तू सांग, मी लिहितो. इथंच लावू. या खिळ्यापाशी.”

“समितीला विचारल्याशिवाय...” सर म्हणायला लागले, पण समोर सगळी शाळा उभी होती. त्यांनी वाक्य तिथंच सोडलं.

पंचफुलाबाईंनी पेल्यात पाहिलं. पेला कोरडा होता. काय सांगावं पहिल्यांदा? मुकादमाचं? पाणक्याचं? संडासाकडच्या भिंतीचं? सांगायचं म्हटलं तर रात्र झाली असती. त्यांना निंबाखालून दिसलेला बाप आठवला, कापसानं पांढऱ्या झालेल्या भुवयांचा, दाराकडे डोळे लावून उभा असलेला.

“लिव,” त्या म्हणाल्या. “भीमराजले तहान लागे. आधी हे लिव.”